पद्मिनीचं इंजिन आणि सव्वा मीटरची उंची: चिझितालिया २०२ कूपेची बॉडी कशी ठरली

प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली १०८९ सीसीचं इंजिन असे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं त्यांना हे आकडे माहीत नसतील, पण त्या इंजिनाचा आवाज कानात असेलच. हेच माप १९३७ सालच्या फियाट ५०८ सी, म्हणजे पहिल्या ‘११००’ गाडीत होतं. आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या तुरीन शहरात हेच इंजिन घेऊन एक दोन सीटची कूपे, म्हणजे बंद छपराची दोन दारांची गाडी बनली, जी पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. ती चिझितालिया २०२.

म्युझियममधल्या गाडीची मापं अशी: लांबी ४०१ सेंटिमीटर, रुंदी १४७, उंची १२५. पद्मिनीची साधारण ३९३, १४६ आणि १४७. म्हणजे लांबी-रुंदीत दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच, चाकांमधलं अंतरही चिझितालियाचं २४० सेंटिमीटर आणि पद्मिनीचं २३४. फरक सगळा उंचीत आहे, तब्बल २२ सेंटिमीटर. जुन्या छोट्या गाडीवर स्वतःची कूपे बॉडी चढवायची स्वप्नं पाहणारे लोक बहुतेक वेळा मडगार्डच्या वळणापासून सुरुवात करतात. या प्रकरणात काम सुरू झालं ते या २२ सेंटिमीटरपासून. ते कसे काढले हे समजलं की वळणांची चर्चा बरीच सोपी होते.

परिस्थिती

चिझितालिया ही पिएरो दुझिओची कंपनी. दुझिओ हा तुरीनचा उद्योगपती. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला, पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष झालेला, कापडधंद्यात पैसा केलेला, आणि हौसेने शर्यती धावणारा. युद्ध संपता संपता त्याच्या डोक्यात आलं की महागड्या शर्यतीच्या गाड्यांना आता कोणाकडे पैसे असणार नाहीत. तेव्हा फियाटचे बाजारात मिळणारे भाग घेऊन छोटी, स्वस्त एकसीटी रेसिंग कार बनवावी. त्यासाठी त्याने दांते जाकोसाला गाठलं. जाकोसा म्हणजे फियाटचा इंजिनियर, टोपोलिनो या चिमुकल्या फियाटचा कर्ता. नोकरी फियाटची आणि फावल्या वेळात काम दुझिओचं, असा तो मामला होता.

त्यातून डी४६ ही गाडी झाली. तिचा सांगाडा पोलादी नळ्या वेल्ड करून केलेला. दुझिओकडे सायकलीही बनत होत्या, त्यामुळे पातळ नळी आणि ती जोडणारे हात दोन्ही घरचेच. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनच्या कोप्पा ब्रेझ्झी शर्यतीत डी४६ पहिल्यांदा उतरली आणि खुद्द दुझिओने ती शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत तात्सिओ नुवोलारी या नामांकित शर्यतपटूच्या डी४६चं स्टीअरिंग व्हील निखळून हातात आलं; त्याने ते प्रेक्षकांना हलवून दाखवलं आणि दुसऱ्या हाताने नुसता दांडा धरून गाडी चालवत राहिला. ‘पहिल्या दिवशी थोड्या तक्रारी होत्या’ याची यापेक्षा चांगली नोंद माझ्या वाचनात नाही.

दुझिओला आता रस्त्यावर चालणारी गाडी हवी होती. जाकोसाने तिच्या सांगाड्याची मांडणी सुरू केली, पण तो फियाटच्या कामात अडकला आणि पुढची जबाबदारी जोव्हान्नी सावोनुत्सीवर आली. हाही फियाटचाच, विमानांच्या इंजिनांच्या विभागातला. दुझिओने त्याला जी मागणी सांगितली ती गाड्यांच्या इतिहासात अजून सांगितली जाते: माझ्या ब्यूइकसारखी रुंद, ग्रांप्रीच्या गाडीसारखी बुटकी, रोल्स-रॉईससारखी आरामशीर आणि आपल्या डी४६सारखी हलकी गाडी पाहिजे.

गिऱ्हाइकाची ही मागणी ऐकून कोणताही बॉडी बांधणारा हसेल. चार अटी आणि प्रत्येक दुसरीच्या गळ्याशी. पण नीट पाहिलं तर तिच्यात एक क्रम लपलेला आहे. इंजिन १०८९ सीसीचं, ते बदलणार नाही. त्यामुळे ‘हलकी’ आणि ‘बुटकी’ या दोन अटींना पर्याय नाही. ‘रुंद’ आणि ‘आरामशीर’ या गोष्टी जेवढ्या जमतील तेवढ्या. सावोनुत्सीने हा क्रम बरोबर ओळखला असं गाडीच्या मापांवरून दिसतं. शेवटी गाडी १४७ सेंटिमीटर रुंद झाली. ब्यूइकच्या आसपासही नाही.

उंची का महत्त्वाची

इंजिनाची ताकद वाढवली तरी किती वाढणार? कॉम्प्रेशन वाढवून, कार्बोरेटर बदलून २०२च्या इंजिनातून सुमारे ५० ते ५५ हॉर्सपॉवर निघत. मूळच्या ११००चे ३२. ही वाढ मोठीच, पण ताशी १६० किलोमीटरचा पल्ला गाठायला एकटी पुरेशी नाही. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून १६० वर जायचं तर हवेसाठीच आठपट ताकद मोजावी लागते. त्या वेगाला यांत्रिक सुधारणेचा एकेक हॉर्सपॉवर घाम गाळून मिळतो, आणि बॉडीचा आकार मात्र एकदाच ठरवायचा असतो.

रुंदी तीच ठेवून उंची १४७ वरून १२५ केली तर समोरून दिसणारं क्षेत्रफळ अंदाजे सातव्या हिश्श्याने घटतं. आकार कितीही गुळगुळीत करा, आधी ही घट पदरात पाडून घेतली की पुढचं सगळं नफ्यात. शिवाय उंची कमी म्हणजे पत्रा कमी, काच कमी, वजन कमी. गाडी सुमारे ७८० किलोची झाली.

आता ही उंची काढायची कुठून? त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांत जाड पट्ट्यांची चॅसिस जमिनीपासून वर, तिच्यावर फळी, फळीवर सीट, सीटवर माणूस, माणसाच्या डोक्यावर टोपी आणि टोपीवर छप्पर अशी चळत असे. वरून छप्पर कापून काही होत नाही. माणूस खाली गेला पाहिजे. नळ्यांच्या सांगाड्यात ते शक्य झालं, कारण ताकद एका जाड पट्टीत कोंडलेली नसून वरच्या आणि खालच्या नळ्यांत वाटलेली असते आणि सीट त्या नळ्यांच्या मध्ये खाली उतरवता येते. माणूस खाली गेला, त्याची नजर खाली आली, म्हणून डॅशबोर्ड खाली आला, म्हणून बॉनेट खाली आणता आलं.

या प्रकरणातून मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. २०२ची बॉडी सुंदर आहे ती सांगाडा आणि बॉडी एका मनाने आखल्यामुळे. तिची बॉडी बांधणाऱ्या पिनिन फारिनाच्या कारागिरांना तयार मिळालेलं हाडच बुटकं होतं.

आणखी एक हिशेब. पद्मिनीत जवळपास तेवढ्याच लांबीत चार दारं, पाच माणसं आणि डिकी. चिझितालियात फक्त दोन माणसं. मग उरलेली लांबी गेली कुठे? माणसं मागे सरकली, जवळजवळ मागच्या चाकांच्या पुढ्यात बसली. पुढे लांब बॉनेट आणि मागे हळूहळू उतरत जाणारी पाठ यात ती लांबी खर्च झाली. उतरती पाठ हवेसाठी हवीच होती. लांब बॉनेटचं सगळं श्रेय मात्र गरजेला देता येणार नाही, त्यात थोडी ऐटही आहे. दोन माणसांच्या गाडीला ती ऐट परवडते. चार माणसांच्या छोट्या गाडीवर तीच लांब नाकाची नक्कल केली की मागच्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागतात, आणि अशा नकला जगभर पुष्कळ झाल्या आहेत.

आकार कसा ठरला

पहिल्या काही बंद बॉड्या शर्यतीसाठी होत्या. सावोनुत्सीने तुरीनच्या पॉलिटेक्निकमधल्या वाऱ्याच्या बोगद्यात लहान मॉडेलं तपासली आणि लांब शेपटीची, मागे दोन उभे पंख असलेली कूपे आखली. बॉडी बांधणाऱ्या अल्फ्रेदो विन्यालेच्या हातून ती पत्र्यात उतरली. वेगासाठी ती उत्तमच. पण ती गाडी घेऊन कोणी नाटकाला जाणार नाही, आणि दुझिओला तर पैसेवाल्या लोकांना विकायची होती.

रस्त्यावरच्या कूपेचं काम १९४७ मध्ये पिनिन फारिनाकडे गेलं. बातिस्ता फारिना, टोपणनाव ‘पिनिन’. हा गडीही काही साधा नव्हता. १९४६च्या पॅरिस मोटर शोमध्ये इटलीच्या कंपन्यांना मज्जाव होता, तेव्हा याने आपल्या दोन गाड्या स्वतः चालवत पॅरिसला नेल्या आणि प्रदर्शनाच्या दाराबाहेर उभ्या केल्या.

२०२चा आकार नेमका कोणाचा यावर जाणकारांत वाद आहे. मूळ रेषा सावोनुत्सीच्या असं एक म्हणणं, आणि त्या रेषांना डौल दिला तो पिनिनने असं दुसरं. माझ्या मते दोन्ही खरं असायला हरकत नाही. सावोनुत्सी पुढे घिया या बॉडी बांधणाऱ्या कंपनीत गेला आणि १९५५ साली त्याने ‘जिल्दा’ नावाची टोकदार पंखांची गाडी आखली. ती आणि त्याच्या शर्यतीच्या कूपे पाहिल्या की त्याचा कल कळतो: हवेचं गणित सुटलं की तो तिथेच थांबत नसे, ते गणित ठळकपणे दाखवत असे. २०२च्या रस्त्यावरच्या कूपेत दाखवणं काही नाही. लांब शेपूट आखूड झाली, पंख गेले. थोडा वेग सोडून दिला गेला आणि बदल्यात गाडी शांत झाली. कोणीतरी इथे ‘पुरे’ म्हटलं, आणि तो माणूस पिनिन असावा असं मला वाटतं.

युद्धापूर्वीच्या गाडीचा पुढचा भाग आठवा. मध्ये उंच, उभं रेडिएटर आणि त्याच्या मागे उंच बॉनेट. दोन्ही बाजूंना सुटी मडगार्डं आणि मडगार्ड व बॉनेट यांच्या खोबणीत दांड्यावर बसवलेले दिवे. चार वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटवलेल्या. २०२ मध्ये बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली गेलं. पुढच्या चाकांना जेवढी जागा लागते तेवढी मडगार्डांची उंची राहिली आणि इंजिनावरचा पत्रा त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये दरीसारखा बसला. मग दिव्यांना वेगळी जागा शोधावीच लागली नाही. ते मडगार्डांच्या टोकांत गेले. मध्ये उरलेल्या जागेत उभ्या पट्ट्यांची लंबगोल जाळी.

चालवणाऱ्यालाही याचा उपयोग होतो, हे फोटो पाहून लक्षात येत नाही. जमिनीलगत बसलेल्या माणसाला बुटक्या गाडीचं नाक कुठे संपतं हे कळत नाही. इथे त्याच्या नजरेसमोर दोन मडगार्डांचे उंचवटे राहतात. चाक कुठे आहे हे दिसतं.

मडगार्डाची रेषा पुढून निघते, दारावरून मागे जाताना हलकेच खाली येते आणि मागच्या चाकावर पुन्हा फुगते. या फुगवट्यावर गाडीचा तोल आहे. तो नसता तर बाजू सपाट, साबणाच्या वडीसारखी दिसली असती. १९४९-५० च्या सुमाराच्या अनेक ‘आधुनिक’ गाड्या तशाच दिसतात. मडगार्डं बॉडीत विरघळवायची होती, पण चाक कुठे आहे हे बॉडीने सांगितलंही पाहिजे होतं. क्रोमच्या पट्ट्या जवळपास नाहीत. पट्टीची गरज बहुधा जोड लपवायला किंवा मोठा सपाट पत्रा मोडायला लागते, आणि इथे दोन्ही अडचणी नव्हत्या.

पत्रा

पिनिन फारिनाकडे त्या वेळी मोठे प्रेस नव्हते. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर घेऊन हातोडीने आकार द्यायचा, तुकडे वेल्ड करायचे, कानशीने सांधे साफ करायचे. आपल्याकडच्या चांगल्या डेंटरला हे काम परकं वाटणार नाही, फक्त तो चेपलेला पत्रा मूळ आकारात आणतो आणि तुरीनचा कारागीर सपाट पत्र्यातून आकार जन्माला घालत होता.

या पद्धतीचे दोन परिणाम आकारात दिसतात. पहिला असा की ॲल्युमिनियमला हातोडीने गोलाई देणं सोपं आणि मोठा सपाट भाग ताठ ठेवणं अवघड. सपाट पत्रा थरथरतो, उन्हात लाटा दाखवतो. गोलाई असली की पत्रा स्वतःच ताठ होतो. २०२च्या अंगावर कुठेही पूर्ण सपाट भाग सापडत नाही, याचं अर्धं श्रेय सौंदर्यदृष्टीला आणि अर्धं धातूला द्यायला हवं. दुसरा परिणाम म्हणजे दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. जाळी, दिवे, छोटे तपशील बदलत. काही सांगाडे बॉडीसाठी विन्याले आणि स्ताबिलिमेंती फारिना या दुसऱ्या कारखान्यांकडेही गेले. हातांनी बनलेल्या गाडीत ‘अस्सल माप’ ही कल्पनाच सैल असते, म्हणून आज त्यांची डागडुजी करणाऱ्याला दार एका गाडीचं दुसरीला बसवता येत नाही.

खर्चाचा प्रश्न इथूनच आला. फियाटचे स्वस्त भाग वापरून परवडणारी गाडी, या विचाराने दुझिओ निघाला होता. पण इंजिन स्वस्त असून बॉडी महाग असेल तर गाडी महागच. अमेरिकेत २०२ची किंमत जॅग्वार एक्सके १२०पेक्षा बरीच जास्त पडे, आणि जॅग्वारमध्ये ३.४ लिटरचं इंजिन होतं. एवढे पैसे मोजून फियाटचं इंजिन घेणारा गिऱ्हाईक दर गावात एखादा असतो. १९४७ ते १९५२ या काळात सुमारे १७० गाड्या बनल्या.

पुढे काय झालं

जून १९४७ मध्ये नुवोलारी मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत २०२ घेऊन उतरला. ती कूपे नव्हती, उघडी गाडी होती. वय ५४, तब्येत ढासळलेली. तरी शर्यतीचा बराच भाग तो पहिला होता. मग मुसळधार पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला आणि बिओंदेत्तीच्या जवळपास तिप्पट मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओने त्याला गाठलं. नुवोलारी दुसरा आला. ११०० सीसीच्या गाडीसाठी याहून मोठी जाहिरात दुझिओला विकत घेता आली नसती.

पैसा मात्र दुसऱ्याच वाटेने वाहून गेला. दुझिओने ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावच्या पोर्शे कार्यालयाला ग्रांप्रीच्या गाडीचं काम दिलं. दीड लिटर, बारा सिलिंडर, सुपरचार्जर, चारही चाकांना ताकद देण्याची सोय. त्या करारातला पैसा फर्डिनांड पोर्शेंना फ्रेंचांच्या कैदेतून सोडवायला उपयोगी पडला, पण ती गाडी चिझितालियासाठी एकाही ग्रांप्रीत धावली नाही आणि कंपनी तिच्या खर्चात बुडाली. दुझिओ अर्जेंटिनाला गेला. रेसिंग विभाग सांभाळणाऱ्या कार्लो आबार्थने उरलेल्या सामानातून १९४९ मध्ये स्वतःचा धंदा काढला. छोट्या फियाट वेगवान करून त्यांवर विंचवाचं चिन्ह लावणारा आबार्थ तो हाच.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमने आठ मोटारगाड्यांचं प्रदर्शन भरवलं. मर्सिडीज, बेंटली, कॉर्ड, लिंकन अशा दादा गाड्यांच्या रांगेत युद्धातली जीप होती आणि ही ११०० सीसीची कूपेही. १९७२ मध्ये पिनिनफारिना कंपनीने दिलेली २०२ संग्रहात कायमची दाखल झाली.

आपल्या फियाटवर हे जमेल का

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच, कारण मसाला तोच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० वर्षानुवर्षं बनवली आणि पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. ६८ गुणिले ७५ची ती इंजिनं अजून भंगारात, गोठ्यांत, जुन्या चाळींच्या मागे सापडतात.

पहिली अडचण रचनेची. १९५३ नंतरच्या फियाट ११००ला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. छप्पर आणि खांब कापून कूपे करायला गेलात तर तुम्ही गाडीचा कणाच कापता. आणि कापलीत तरी सीट, फळी, डॅशबोर्ड जुन्याच उंचीवर राहणार, म्हणजे ते २२ सेंटिमीटर काही मिळणार नाहीत. नुसती डोकं आपटणारी पद्मिनी मिळेल. खरी वाट दुझिओचीच आहे: नळ्यांचा नवा सांगाडा, त्यात फियाटचं इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, आणि मग त्यावर बॉडी. ते काम बॉडी बांधणाऱ्याच्या आधी गाडीची रचना जाणणाऱ्या इंजिनियरचं आहे.

दुसरी अडचण कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे वाचली. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही त्याची अट. धडधाकट जुनी फियाट कापून कूपे केली तर तिचा रस्त्यावर चालायचा हक्कही जातो आणि व्हिंटेजचा दर्जाही. म्हणून असा प्रयोग करायचाच असेल तर तो गंजून गेलेल्या, कागद नसलेल्या गाडीच्या सुट्या भागांवर करावा, आणि गाडी खासगी जागेत किंवा बंदिस्त ट्रॅकवरच चालवायची हे पहिल्या दिवशी ठरवून.

तसं ठरलं, तर कागदावर पहिली रेघ मडगार्डची ओढू नये. सीटवर माणूस बसवावा, त्याच्या बुडाखालची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि ती किती खाली नेता येते ते आधी पाहावं. मग डोकं, मग काच, मग बॉनेट. मडगार्ड शेवटी, आणि तेही चाक जेवढं मागेल तेवढंच.